येत्या वर्षाचा अजमास

पुढील वर्षी आपल्या घरात किती पैसा येईल, असा प्रश्न कोणी सरळ विचारला, तर बहुतेक माणसे आधी हसतात, मग पावसाचा, बाजाराचा किंवा सरकारचा हवाला देतात आणि अगदीच पिच्छा पुरविला तर असा एखादा आकडा सांगतात, की ज्यावर त्यांचा स्वतःचाही पुरता भरवसा नसतो. परंतु याच माणसांनी मुलीच्या लग्नाची तिथी धरलेली असते, पतपेढीचा हप्ता कबूल केलेला असतो, धाकट्याला इंदूरच्या शिकवणीला घालण्याचे ठरविलेले असते. आणि यांपैकी कोणतीही गोष्ट उत्पन्नाचा काही एक अजमास मनाशी बांधल्यावाचून करता येत नाही. तेव्हा आकडा तोंडाने सांगता येत नसला, तरी तो कोठे तरी मांडलेला असतो खास. तो कोण मांडते, कशाच्या आधारे मांडते आणि कोठे चुकते, याची चौकशी अर्थशास्त्राने गेल्या शतकाच्या मध्यापासून चालविली आहे. तिचे मर्म ग्रंथांतून जितके कळते, त्याहून अधिक ते एखाद्या नांदत्या वस्तीत जाऊन पाहिले असता कळते.

बऱ्हाणपूरचा इतवारा ही तशी वस्ती आहे. तापीच्या उत्तर तीरावर फारुकी सुलतानांनी वसविलेले, मोगली अमदानीत खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे असलेले आणि २००३ सालापासून मध्य प्रदेशातील एका स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झालेले हे शहर शतकानुशतके कापडावर जगत आले आहे. येथील तलम वस्त्रे इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत जात असत, हे ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकातच लिहून ठेवले. शहराच्या जुन्या तटाला जे दरवाजे होते, त्यांपैकी एक इतवारा दरवाजा. आज या जुन्या शहराच्या मोहल्ल्यांतून फिरताना ज्याची सोबत सुटत नाही तो आवाज यंत्रमागांचा. मागावरची बहुसंख्य कुटुंबे अन्सारी समाजाची आणि उर्दू बोलणारी. शहराबाहेर पडावे तो केळीच्या बागा लागतात आणि त्यांबरोबर रावेर-मुक्ताईनगरकडची मराठी कानी येऊ लागते. आणि लालबागेत ताप्ती मिल आहे, जिच्या पगारावर दोन-तीन पिढ्या वाढल्या. आठवड्याची मजुरी, वर्षाकाठी येणारे पीक आणि महिन्याचा पगार अशा तीन तऱ्हांची कमाई येथे हाकेच्या अंतरावर नांदत आल्यामुळे, भविष्याकडे पाहण्याच्या तीन तऱ्हाही एकमेकींशेजारी ठेवून पाहता येतात.

मागवाल्याची तऱ्हा समजण्यास त्याच्या मजुरीची पद्धत ठाऊक असली पाहिजे. माग पुष्कळदा त्याचा स्वतःचा असतो, पण सूत त्याचे नसते. व्यापारी, म्हणजे सेठ, त्याला तयार बीम, म्हणजे ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ, आणि बाण्याचे सूत देतो, विणलेले कापड मोजून घेतो आणि मीटरमागे ठरलेल्या दराने मजुरी देतो. सुताचा भाव चढला वा कापडाचा पडला, तर नुकसानीचा पहिला धक्का सेठला बसतो हे खरे. परंतु तो लगेच पुढचे बीम देण्याचे लांबणीवर टाकतो आणि माग उभा राहतो. म्हणजे या माणसाच्या उत्पन्नात मजुरीचा दर फारसा हलत नाही, हलतात ते कामाचे दिवस. आठवड्याच्या हिशेबाची वही उघडली म्हणजे हे स्वच्छ दिसते: एका बाजूला मीटर, दुसऱ्या बाजूला मागील उचल, तिच्यातून या आठवड्यात कापलेली रक्कम, आणि खाली जे हातावर पडले ते. घरी गेल्यावर त्या नोटांचे भाग पाडण्याचे काम बहुधा घरातील बाईकडे असते. वीजबिलाचे वेगळे, किराण्याचे वेगळे, भिशीचे वेगळे, आणि भिशीचा भाग ती आधी बाजूला काढते. कारण तेथे चुकले तर गल्लीत तोंड दाखविता येत नाही. आता ही भिशी आठवड्याला किती रुपयांची धरावी, हे तिने वर्षाच्या आरंभी ठरविलेले असते, आणि ते ठरविताना तिने काय केले हे विचारले तर उत्तर मोठे उद्बोधक मिळते. सगळ्या आठवड्यांची सरासरी तिने काढलेली नसते. गेल्या वर्षीचे सर्वांत पडते आठवडे तिने आठवले, त्यांत जे पडले होते त्यातूनही भिशी निभली असती की नाही हे पाहिले, आणि तेवढीच कबूल केली.

या प्रकरणात जे सांगावयाचे आहे, ते सर्व या बाईच्या हिशेबात आहे. कुटुंबाचा भविष्याचा अजमास हा एक आकडा नसून एक पट्टा असतो. त्याला एक वरचे टोक असते आणि एक खालचे. आशा वरच्या टोकाला बांधलेली असते, आणि वचने खालच्या. बाहेरून विचारणारा, मग तो सरकारी असो वा विद्वान, या दोहोंच्या मधला आकडा मागतो, आणि तो मधला आकडा घरात फारसा कोणाच्या उपयोगाचा नसतो.

अर्थशास्त्राची गाडी प्रथम मधल्या आकड्यावरूनच निघाली. १९५४ साली फ्रांको मोदिल्यानी व रिचर्ड ब्रुमबर्ग यांनी असे मांडले, की मनुष्य आजच्या कमाईकडे पाहून खर्च करीत नाही, तर उभ्या आयुष्याच्या कमाईचा ठोकताळा बांधून तिचे वाटप करतो. मिल्टन फ्रीडमन १९५५ साली आपल्या अर्थखात्याला सल्ला देण्यासाठी भारतात येऊन गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५७ साली, त्यांचा उपभोगावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी उत्पन्नाचे दोन भाग कल्पिले: एक स्थायी, जे कुटुंब आपले म्हणून धरून चालते, आणि दुसरे आगंतुक, जे एखाद्या वर्षी येते आणि एखाद्या वर्षी जाते. शेतकरी कुटुंबे चांगल्या वर्षी कमाईचा मोठा हिस्सा मागे का टाकतात, याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण आजही पटते. त्या कुटुंबांनी ती वाढ आगंतुक म्हणून ओळखलेली असते. परंतु या सिद्धांतात एक गोष्ट गृहीत आहे, की वाईट दिवसांत स्थायी उत्पन्नाच्या भरवशावर कोणी तरी बिनबोभाट उसने देईल. इतवाऱ्यात उसने मिळते, नाही असे नाही. पण ते सेठकडून उचल म्हणून मिळते, आणि उचल घेतलेला विणकर दुसऱ्या सेठचे बीम लावू शकत नाही. उधारीची ही किंमत ज्याला ठाऊक आहे, तो सरासरीच्या भरवशावर खर्च करण्याचे धाडस सहसा करीत नाही.

केळीवाल्याची गोष्ट निराळी, आणि माझ्या मते अधिक गुंतागुंतीची. बऱ्हाणपूर जिल्ह्यात वीस हजारांहून अधिक हेक्टरांवर केळी उभी असते, आणि येथील लिलावात कोणता भाव निघाला याची चौकशी रावेर-यावलच्या शेतकऱ्यालाही असते. ऊतिसंवर्धित रोप लावल्यापासून घड कापणीला येण्यास अकरा-बारा महिने लागतात. पूर्वीच्या वाणांना दीड वर्षही लागे. म्हणजे रोप लावताना जो भाव डोळ्यांसमोर असतो, त्याचा घड विकताना काहीही उपयोग नसतो. मध्यंतरी मेच्या वावटळीत बाग आडवी होऊ शकते, थंडीच्या कडाक्याने घड पोसण्याचा थांबतो, करपा पडतो. आणि हे सगळे टळले तरी क्विंटलला दोन हजारांवर गेलेला भाव काही महिन्यांत पाचशे-सहाशेवर येऊ शकतो, हे या बाजाराने दाखविले आहे. त्यातून नवतीचा, म्हणजे नव्या लावणीच्या केळीचा, भाव वेगळा, पिलबागेचा, म्हणजे खोडव्याचा, वेगळा, आणि वापसी म्हणून जो माल बाजूला पडतो त्याला तर विचारणाराच भाव.

अशा स्थितीत शेतकरी पुढच्या वर्षाचा भाव कसा धरतो? या भागातील बांधाबांधावर ज्या धर्तीचे संभाषण ऐकू येते, ते असे असते:

"मामा, यंदा जो तो केळीच लावतोय."

"लावणारच. भाव पाहिला नाहीस का?"

"म्हणूनच म्हणतो, पुढल्या साली काय होईल?"

"अरे, पुढल्या सालचं पुढल्या साली. रोपं बुक केलीत मी."

या चार वाक्यांत तीस-चाळीस वर्षांचा एक शास्त्रीय वाद सामावला आहे. चालू भावच पुढेही राहील असे धरून सर्वांनी एकदम लावण केली, तर पुढल्या वर्षी माल उदंड होऊन भाव कोसळतो, मग सगळे हात आखडतात आणि त्यापुढल्या वर्षी भाव पुन्हा चढतो. या चक्राची मांडणी मॉर्डेकाय इझिकिएल यांनी १९३८ सालीच केली होती. पुढे फिलिप केगन यांनी १९५६ साली चलनफुगवट्याच्या संदर्भात, आणि मार्क नर्लोव्ह यांनी १९५८ साली शेतमालाच्या संदर्भात, असे दाखविले की माणसे केवळ कालचा भाव धरीत नाहीत. मागील अंदाज किती चुकला हे पाहून तो थोडाथोडा दुरुस्त करतात. हिंदुस्थानातला शेतकरी रूढीचा दास आहे, भावाबिवाचे त्याला काही कळत नाही, असा जो समज परदेशी पंडितांत आणि आपल्याकडील काही अधिकाऱ्यांतही रूढ होता, त्याला राज कृष्ण यांनी १९६३ साली पंजाबच्या शेतीचे आकडे मांडून चांगलाच छेद दिला. आणि १९६१ साली जॉन म्यूथ यांनी तर असा प्रश्न टाकला, की भाव पडणार हे पंडिताला दिसते, तर बाजारात ज्याचा जीव अडकला आहे त्याला ते का दिसू नये? आमच्या संभाषणातील भाचा म्यूथच्या पक्षाचा आहे आणि मामा इझिकिएलच्या. परंतु मामाला मूर्ख ठरविण्याची घाई करू नये. त्याची विहीर, ठिबकच्या नळ्या, मजुरांशी असलेला संबंध, व्यापाऱ्याची ओळख हे सर्व केळीसाठी बांधलेले आहे. भाव पडेल हे ठाऊक असूनही त्याला केळीच लावावी लागते, आणि मग भाव पडणार नाही असे मानणे हे त्याच्या दृष्टीने अंदाजाइतकेच मनाचे समाधानही असते.

अनुभवाचे वजन सर्वांच्या मनात सारखे नसते, हीही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. उलरिके माल्मेंडियर आणि श्टेफान नागेल या दोघांनी अमेरिकेतील कुटुंबांविषयी २०११ साली दाखवून दिले, की ज्यांनी ऐन उमेदीत मंदी भोगली ती माणसे पुढे कित्येक वर्षे शेअर बाजारात पैसा घालण्यास कचरतात. पुस्तकात वाचलेली मंदी आणि अंगावर आलेली मंदी यांचा हिशेब मन वेगवेगळा ठेवते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा रद्द झाल्या, तेव्हा रोखीने चालणाऱ्या यंत्रमागांच्या गावांत आठवड्याची मजुरीच अडली. २०२० च्या टाळेबंदीत तर माग अजिबात थांबले. त्या दोन वेळा ज्याने घर चालविले, त्याच्या मनातील पट्ट्याचे खालचे टोक कायमचे खाली सरकले आहे, आणि त्याच घरातला वीस वर्षांचा मुलगा जेव्हा हप्त्यावर मोटारसायकल घेण्याचा आग्रह धरतो, तेव्हा बापलेकांत जो वाद होतो तो पुष्कळ अंशी दोन अजमासांमधला वाद असतो.

आता हे सर्व मोजावयाचे कसे? रिझर्व्ह बँक २०१० सालापासून ग्राहकांच्या विश्वासाची पाहणी करते. तीत कुटुंबांना रोजगार, भाव, खर्च आणि उत्पन्न यांविषयी दोन गोष्टी विचारतात: गेल्या वर्षाच्या मानाने आज कसे आहे, आणि वर्षभराने कसे असेल. उत्तर वाढेल, तेवढेच राहील, घटेल यांपैकी एक. या उत्तरांतून शंभराच्या मध्यरेषेभोवती दोन निर्देशांक बांधले जातात. मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, चालू स्थितीचा निर्देशांक ४८.५ इतका खाली गेला होता. त्याच वेळी पुढील वर्षाविषयीचा ९६.४ होता. आजचा दिवस मध्यरेषेच्या निम्म्यावर, आणि उद्याचा तिच्या जवळपास! हा फरक त्या एका महिन्यापुरता नाही. वर्षानुवर्षे आपली कुटुंबे आज वाईट आणि उद्या बरे असेच सांगत आली आहेत. यावरून आपला समाज आशावादी आहे असा निष्कर्ष काढणारे लेख दर वेळी निघतात. मला तो निष्कर्ष उथळ वाटतो. वाढेल की घटेल असे विचारले म्हणजे माणूस पट्ट्याच्या वरच्या टोकावरून उत्तर देतो, आणि हप्ता किती झेपेल असे विचारले म्हणजे खालच्या. पहिला प्रश्न पाहणीत असतो, दुसरा नसतो. शिवाय ही पाहणी ज्या १९ शहरांत होते, त्यांत भोपाळ आहे, नागपूर आहे. बऱ्हाणपुरासारखे मजुरीवर चालणारे गाव त्यांत नाही.

यापेक्षा सूक्ष्म रीत ओराझियो अतानासियो आणि ब्रिट्टा आउग्सबुर्ग यांनी अनंतपूर जिल्ह्यातील खेड्यांत योजली. त्यांनी कुटुंबांना आधी विचारले, की पुढील वर्षी जास्तीत जास्त किती मिळेल. मग विचारले, कमीत कमी किती. आणि त्यानंतर या दोहोंच्या मध्याहून अधिक मिळण्याची शक्यता किती वाटते. याच जिल्ह्यात आणि महबूबनगर जिल्ह्यात झाविए जिने, रॉबर्ट टाउनसेंड आणि जेम्स व्हिकरी यांनी शेतकऱ्यांच्या हाती दहा खडे दिले आणि मोसमी पाऊस कोणत्या नक्षत्रात लागेल असे वाटते, त्या त्या खणात ते वाटून ठेवावयास सांगितले. ज्याला खात्री वाटते तो सगळे खडे एका नक्षत्रावर ठेवील, ज्याला नाही तो विखरून टाकील. संभाव्यतेचे गणित न शिकलेल्या माणसाकडून त्याच्या मनातील पट्टा काढून घेण्याची ही युक्ती मोठी मार्मिक म्हटली पाहिजे. त्यातून आढळले ते असे, की ज्यांचे पोट पावसावर अधिक अवलंबून आणि ज्यांना संकटात दुसरा आधार कमी, त्यांचे अंदाज अधिक अचूक होते. चूक ज्याला परवडत नाही, तो अंदाज करण्याची मेहनत अधिक घेतो.

येथे एक विनोदाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. एकाच घराचे उत्पन्न तहसील कचेरीत दाखला काढताना एक असते, बँकेत कर्जाचा अर्ज भरताना दुसरे असते, आणि मुलाच्या लग्नाची बोलणी चालू असताना तिसरे. याला कोणी खोटेपणा म्हणेल. मी म्हणेन की पहिले पट्ट्याचे खालचे टोक आहे, तिसरे वरचे, आणि दुसरे बँकेच्या दलालाने सुचविलेले.

खालचे टोक उचलून धरण्याचे काम राज्याने करावे, ही कल्पना या गावाला नवी नाही. १६३० ते १६३२ या काळात गुजरात व दख्खनेत जो भयंकर दुष्काळ पडला, त्या वेळी शाहजहान बऱ्हाणपुरातच मुक्काम करून होता. त्याच्या हुकमावरून लंगरे उघडली गेली, साऱ्यात सूट मिळाली, आणि दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांत वाटण्याची तजवीज झाली. वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले गेल्याची नोंद दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने केली आहे. दुष्काळाच्या मानाने ती रक्कम क्षुल्लक होती. आज याच गावातील बायकांच्या खात्यात लाडली बहना योजनेचे पैसे जून २०२३ पासून महिन्याच्या महिन्याला जमा होतात. आरंभी एक हजार होते, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून साडेबाराशे झाले. सीमेपलीकडे रावेरला दिलेल्या बहिणीला महाराष्ट्राची योजना २०२४ साली पंधराशेने लागू झाली, तेव्हा दोघींच्या फोनवर काय बोलणे झाले असेल याची कल्पना वाचकाने करावी. रक्कम लहान आहे. पण घरात येणाऱ्या सर्व पैशांत आधीच ठाऊक असलेली ती एकच रक्कम असल्यामुळे, भिशी आणि बचत गटाचा हप्ता तिच्याच आधाराने ठरू लागला आहे.

पगारदाराचा पट्टा अरुंद असतो, आणि त्यातच त्याचा धोका आहे. ताप्ती मिल १९०६ सालची. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणानंतर ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि तेथील नोकरी सरकारी म्हणून गणली जाऊ लागली. अशा कामगाराला पुढील वर्षाचे उत्पन्न विचारले असते, तर त्याने पगार अधिक महागाई भत्ता असा नेमका आकडा सांगितला असता, आणि दहाही खडे एकाच खणात ठेवले असते. त्या भरवशावर त्याने घर बांधले, मुलांना बाहेरगावी शिकावयास ठेवले, दुकानदाराकडे खाते उघडले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीबरोबर गिरणी थांबली, आणि टाळेबंदी उठली तरी ती पूर्ववत सुरू झाली नाही. मागवाल्याने त्या वर्षी पुष्कळ सोसले. पण माग थांबणे ही गोष्ट त्याच्या पट्ट्यात होती, आणि माग पुन्हा चालू झाल्यावर त्याचा हिशेबही चालू झाला. गिरणी कामगाराच्या पट्ट्यात ती नव्हतीच. अंदाज जितका नेमका, तितकी त्यावर रचलेली वचने अधिक, आणि ती सगळी एकदम उघडी पडली.

पट्ट्याचे खालचे टोक सावरण्याचा एक मार्ग सोयरिकीतूनही जातो. इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेने १९७५ सालापासून सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व अकोला जिल्ह्यातील कानझरा यांसारख्या गावांत कुटुंबांचा जमाखर्च वर्षानुवर्षे टिपून ठेवला. त्या आकड्यांवरून मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ साली दाखविले, की ज्या घरांची कमाई अधिक बेभरवशाची, ती घरे मुली अधिक दूरच्या गावी देतात. एका गावचा पाऊस हुकला तरी दुसऱ्या गावच्या सोयऱ्याकडून मदत येऊ शकते. अन्सारी विणकरांची सोयरीकही दूरवर पसरलेली आहे, मालेगाव, भिवंडीपर्यंत. पण ही दोन्ही गावे यंत्रमागांचीच. सुताचा भाव भडकला की बऱ्हाणपूरचे माग ज्या आठवड्यात थांबतात, त्याच आठवड्यात मालेगावचेही थांबण्याचा संभव असतो, आणि सोयऱ्याकडे मागावे तर तोही मागण्याच्याच विचारात असतो. म्हणून मालेगावचे स्थळ आले, तर मुलाच्या घरी माग किती हे जसे विचारले जाते, तसेच मागाखेरीज घरात दुसरे काय चालते हेही विचारले जाते. आणि मुलाचा एक भाऊ औषधाच्या दुकानात किंवा शाळेत मास्तर असला, तर बोलणी पुढे सरकतात.